बाबांच्या हातावरची गोळी

त्या घरात औषधांचं खातं बाबांकडे होतं. कोणी नेमून दिलेलं नव्हतं, पण पोरी लहान असल्यापासून तसं चालत आलं होतं. जेवणं आटोपली की बाबा कपाटावरचा पत्र्याचा डबा खाली काढत, ज्याची त्याची गोळी ज्याच्या त्याच्या हातावर ठेवत आणि ती गिळली जाईपर्यंत समोरून हलत नसत. धाकटी कमावती झाली तरी तिला "आ कर" म्हणत, आणि तीही करी. हातावर काय आलंय ते बघायची तिला कधी गरजच पडली नव्हती.

बाबा लिफ्टचे मिस्त्री. निवृत्त झाले होते, तरी कुठल्याही इमारतीत शिरले की आधी कान टवकारून लिफ्टचा आवाज ऐकत आणि मग पाहुण्यांकडे वळत. "लोक दोरावर भरवसा ठेवत नाहीत, दोर तपासणाऱ्यावर ठेवतात," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ते सुरू झालं की थोरली आणि धाकटी त्यांच्या पाठीमागे नुसते ओठ हलवून ते पुरं करत आणि खुसखुसत.

थोरली लग्न होऊन गेली. धाकटी चष्म्याच्या दुकानात लागली. मागच्या खोलीत मशीनवर काचांच्या कडा घासून त्या फ्रेमच्या मापाला आणायच्या, हे तिचं काम. हात इतका हलका की तिच्या हातून काचेचा टवका उडाला असं सहसा व्हायचं नाही. दुकानात तिला सगळे 'मागची' म्हणत, कारण काउंटरवर बसणारी ती 'पुढची'. पुढचीचं लग्न ठरलं होतं आणि ती दुसऱ्या गावी जाणार होती. मालक धाकटीला म्हणाले, "पुढची गेली की तू पुढे ये. फ्रेमची समज तुझ्याइतकी इथे कोणाला नाही. फक्त..." आणि ते थांबले. भला माणूस, पुढचं बोलवेना.

फक्त तोंड. मुरूम सगळ्यांनाच येतात, चार दिवस राहतात, जातात. धाकटीच्या चेहऱ्यावर ते कायमच्या वस्तीला आले होते. गालांवर, हनुवटीखाली, पार कानांपर्यंत वाटाण्याएवढ्या गाठी. त्या ठणकायच्या, पिकायच्या, फुटायच्या आणि जाताना खड्डा ठेवून जायच्या. कूस बदलली की उशी बोचायची. आणि चष्मा बसवायचा म्हणजे समोरच्याच्या कानामागे काडी अडकवताना दोघांच्या तोंडांत जेमतेम वीतभर अंतर. एकदा पुढची रजेवर असताना धाकटी एका बाईंना फ्रेम घालायला गेली, तर त्या खुर्चीसकट मागे सरकल्या. "बाई, हे लागत तर नाही ना दुसऱ्याला?" दुकानात चारी बाजूंनी आरसे. धाकटीनं मान खाली घातली तरी काउंटरच्या काचेत तिची तीच दिसली.

मग मोठ्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरलं. आई घरी राहिली, बाबा बरोबर गेले. डॉक्टरीणबाईंनी गालाला बोटानं हलकेच चाचपलं आणि म्हणाल्या, "वरून मलम लावून हे जाणार नाही. पोटातून गोळ्या घ्याव्या लागतील, बरेच महिने. औषध जोरकस आहे. ओठ फाटतील, डोळे कोरडे पडतील, कधी नाकातून रक्त येईल. रक्त तपासत राहायचं. आणि हे चालू असताना दिवस राहता कामा नयेत, बाळाला धोका असतो."

बाबा छताच्या पंख्याकडे असं निरखून पाहू लागले, जणू तो आत्ता निखळणार आणि यांनाच बोलावणं येणार.

"आणखी एक. काही जणांचं मन खचतं या औषधानं. फार थोड्यांचं, पण खचतं. जीव नकोसा वाटायला लागला, तर त्याच दिवशी मला कळवायचं. घरच्यांनीही लक्ष ठेवायचं."

"डॉक्टर, या तोंडानं तशीही मी काही नाचत नाहीये," धाकटी म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या. पंख्याकडे बघणारे बाबा मात्र आता टेबलाकडे बघत होते, आणि ते हसले नाहीत.

घरी आल्यावर आईनं सगळं ऐकलं आणि आकाशपाताळ एक केलं. "तोंडावरच्या फोडांसाठी पोटात विष घालायचं? पुढे मूलबाळ व्हायचंय ना तिला? ते पाकीट माझ्या हाती लागू दे, मोरीत ओतते की नाही बघा!"

"तू मध्ये पडू नकोस," बाबा म्हणाले. "चेहरा तिचा आहे. ती ठरवेल."

धाकटीला त्या दिवशी बाबा आभाळाएवढे वाटले.

गोळ्या सुरू झाल्या. रोज जेवण झाल्यावर डबा, बाबांचा तळहात, "आ कर". पहिल्या महिन्यात होतं त्याहून जास्त उठलं. मग ओठ फुटले, असे की हसलं तरी रक्त यायचं. पुढची म्हणायची, "मागचे, आज तुला एकही विनोद सांगणार नाही, तुझ्या ओठांची शपथ!" डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटायचं, गुडघे कुरकुरायचे. पण हळूहळू गाठी बसायला लागल्या. हनुवटीखाली बोट फिरवलं की सपाट लागायचं. बऱ्याच वर्षांनी तिला स्वतःचा जबडा सापडला होता.

अशातच एका संध्याकाळी ती कामावरून आली तीच नाकाला रुमाल दाबून. दुकानात काचांवर रक्ताचे थेंब पडले होते, एक गिऱ्हाईक ओरडलं होतं. ती स्वयंपाकघराच्या दारात मटकन बसली आणि रडत म्हणाली, "कंटाळा आलाय मला. नकोच वाटतं सगळं. हे तोंडही नको आणि मीही नको." मग रडून झालं, आईनं गरम गरम जेवायला वाढलं, आणि ताटावरून उठेपर्यंत ती विसरूनही गेली. कंटाळलेली माणसं बोलतात तसं ती बोलली होती.

त्यानंतर काही दिवसांनी तिचे ओठ मऊ पडायला लागले. सगळ्यांना बरं वाटलं. "शरीराला सवय झाली," बाबा म्हणाले. एवढंच की जेवणानंतर तिला माशांसारख्या वासाचे ढेकर यायला लागले. "घरात मासा शिजला नाही आणि मला ढेकर माशाचे!" ती हसत म्हणाली. आई म्हणाली, "सांगत होते ना? अजून काय काय निघेल त्या औषधातून." बाबा डब्याचं झाकण लावत होते.

आणि मग पहिली गाठ परत आली. मग दुसरी. बघता बघता दोन्ही गाल पूर्वीसारखे, किंबहुना वरचढ. पुढची शेवटच्या दिवशी मिठी मारून गेली. काउंटरवर मालकांनी एक नवी मुलगी बसवली. "तात्पुरती," ते म्हणाले, धाकटीच्या डोळ्यांकडे न बघता.

ती बाबांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी गाल पाहिलेच नाहीत. म्हणाल्या, "ओठ दाखव." मग सावकाश मागे टेकल्या. "तू औषध घेत नाहीस."

"म्हणजे? रोज घेते!"

"हे औषध पोटात जातं तेव्हा ओठ असे राहत नाहीत. खोटं कशाला बोलतेस? नको असेल तर तसं सांग. खरंच घेत असशील, तर मात्र मला ते अजून वाढवावं लागेल."

धाकटीचे कान तापले. "माझ्यावर विश्वास नसेल तर बाबांना विचारा. ते स्वतः माझ्या हातावर ठेवतात."

डॉक्टरीणबाईंनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी खुर्चीच्या हाताची धार अंगठ्यानं चाचपली. "हो," ते म्हणाले. "रोज मीच देतो."

परतीच्या वाटेवर धाकटीच्या डोक्यात चक्र फिरत होतं. आपण घेतो, आणि औषध पोटात जात नाही, हे दोन्ही खरं कसं असेल? आणि घराच्या जिन्यावर तिला एकदम आठवलं: मोरीत ओतते की नाही बघा.

आई ओट्याशी होती. धाकटीनं चपलासुद्धा काढल्या नाहीत. "आई, तू डब्याला हात लावलास?"

"कुठल्या?"

"वेड पांघरू नकोस! गोळ्या बदलल्यास तू. माझं काउंटर गेलं, डॉक्टरनं मला खोटारडी ठरवलं, तुझ्या हट्टापायी! मुलगी कुरूप राहिली तरी चालेल, पण तुझं खरं झालं पाहिजे!"

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. ती भांडकुदळ बाई, एरवी एका वाक्याला चार परत करणारी. त्या दिवशी ती आवाज न चढवता म्हणाली, "मी बडबडले गं. खूप बडबडले. पण माझं तोंड चालतं, हात नाही चालत. तुझ्या औषधाला मी शिवले नाही."

"मग काय ते आपोआप बदललं?"

आई पदराला हात पुसत राहिली, हात कोरडे झाले तरी. बाबा बाहेरच्या खोलीत पंख्याच्या रेग्युलेटरचे स्क्रू घट्ट करत होते. ते आधीच घट्ट होते.

आईनं जेवायला वाढलं, पण धाकटीच्या बाजूला बसली नाही. मग डबा खाली आला. बाबांचा तळहात समोर आला. धाकटीनं गोळी तोंडात टाकली, आणि कोण जाणे का, डॉक्टरीणबाईंचं "खोटं कशाला बोलतेस" कानात वाजलं म्हणून असेल, ती गिळली नाही. चावली.

गोळी फुटली. तोंडभर तेल पसरलं, आणि त्याबरोबर माशाचा वास.

हा वास तिच्या ढेकरांतला होता, आणि डब्यातलाही. बाबा गुडघ्यांसाठी माशाच्या तेलाच्या गोळ्या घेत. तिच्या औषधासारख्याच गुबगुबीत, तशाच मऊ.

तिनं वर पाहिलं. बाबांनी "आ कर" म्हटलं नाही.

"बाबा?"

त्यांनी डब्यातला वरचा थर बाजूला केला. खाली तिच्या औषधाची पाकिटं होती, एकावर एक, न उघडलेली. रबरानं नीट बांधलेली. टाकायचा त्यांना धीर झाला नव्हता, आणि द्यायचाही.

"तू त्या दिवशी दारात बसून म्हणालीस ना," बाबा म्हणाले, "मीही नको म्हणून. माझी बहीण, तुझी आत्या, असंच एकदा म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी ती..." त्यांनी वाक्य तिथेच ठेवलं. आत्या आजारपणात गेली, एवढंच धाकटीला आजवर माहीत होतं. "डॉक्टर म्हणाल्या होत्या, लक्ष ठेवा. मी ठेवलं."

"डॉक्टर म्हणाल्या होत्या, कळवा," धाकटी म्हणाली. "मला विचारायचं होतंत. सांगायचं होतंत, बाबा, मला भीती वाटते. मी थांबवलं असतं. नाहीतर भांडले असते. पण माझं मी केलं असतं."

"तू थांबली नसतीस."

"मग नसते थांबले! चेहरा तिचा आहे, ती ठरवेल, हे कोण म्हणालं होतं? आई माझ्या तोंडावर नको म्हणाली. तुम्ही तोंडावर हो म्हणालात." तिचा आवाज फाटला. "बरं, तेही जाऊ दे, आत्याचं मी समजून घेईन. पण आज? दवाखान्यात मी तुमची साक्ष काढली, आणि तुम्ही 'हो' म्हणालात. डॉक्टर औषध वाढवते म्हणाल्या, तेव्हाही गप्प. आणि इथे मी आईला इतकं बोलले, तुम्ही ऐकत होतात. स्क्रू पिळत होतात!"

बाबांनी पाकिटांवरचं रबर सारखं केलं. आत्याचं कारण दवाखान्यापर्यंत पुरलं असतं कदाचित, पण स्वयंपाकघरापर्यंत पुरत नव्हतं.

आई दारात उभी होती. ती धाकटीवर रागावली नाही, "बघ, मी म्हणत होते" असंही म्हणाली नाही. नवऱ्याकडे बघून फक्त म्हणाली, "मला चोर होऊ दिलंत." आणि आत जाऊन भांडी घासायला बसली, खूप आवाज करत. धाकटी तिच्या शेजारी जाऊन बसली आणि घासलेली भांडी विसळायला लागली. "आई, चुकले," ती म्हणाली. आईनं फेसाच्या हातानं तिला एक धपाटा घातला. ते दोघींचं तिथंच मिटलं.

बाबांचं मिटलं नाही.

धाकटी डॉक्टरीणबाईंकडे एकटी गेली, सगळं सांगितलं. रक्त पुन्हा तपासलं, औषध पुन्हा पहिल्यापासून. "मन कसं आहे, ते मला तू सांगायचंस," त्या म्हणाल्या, "आणि घरीही सांगत जा. लपवालपवी झाली ती पुरे." ती घरी सांगते. रोज जेवताना, बाबांनी विचारायच्या आत, "आज बरी आहे," किंवा "आज चिडचीड झाली." सुरात काही नसतं, हजेरी दिल्यासारखं. पाकिटं तिच्या पर्समध्ये असतात. डबा अजून खाली येतो, आईची गोळी आईच्या हातावर जाते. आई आता ती उजेडाकडे धरून बघते आणि मगच तोंडात टाकते. बाबा ते बघतात आणि डब्याचं झाकण लावतात. दोराचं ते वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा कोणी ऐकलेलं नाही.

परवा ते दुकानात आले. चष्मा नाकावरून घसरत होता. काउंटरवरच्या तात्पुरत्या मुलीनं हात पुढे केला, तसे ते म्हणाले, "नको, मागचीला बोलवा."

धाकटी हात पुसत बाहेर आली. तिनं चष्मा घेतला, काड्या गरम केल्या, टोकं थोडी वाकवली, नाकावर टेकणारे पॅड नीट केले, काचा पुसल्या. मग वाकून बाबांच्या कानांमागे काड्या बसवल्या. दोघांच्या तोंडांत वीतभर अंतर. ओठ पुन्हा फाटलेले. गालांवरच्या जुन्या गाठी अजून होत्या, आणि त्यांच्यामध्ये मधल्या त्या महिन्यांत पडलेले नवे खड्डे. ते आता कुठल्याच औषधानं भरायचे नव्हते. बाबांना ते सगळं तिनंच घासलेल्या काचांतून लख्ख दिसत होतं.

"नीट दिसतंय?" तिनं विचारलं, गिऱ्हाइकाला विचारतात तसं.

"दिसतंय," बाबा म्हणाले. त्यांनी हात उचलला, तिच्या गालाजवळ नेला आणि चष्माच सारखा केला.

"घट्ट वाटला तर परत या," धाकटी म्हणाली, आणि मागच्या खोलीत मशीन चालूच होतं, तिकडे गेली.