बुद्धप्रियाने वायरिंग कापू दिले नाही

अहमदपूरच्या मार्केट यार्डासमोर बुद्धप्रिया चौदा वर्षे ऑटो इलेक्ट्रिशियनचे दुकान चालवते. लातूरच्या आयटीआयमध्ये तिच्या तुकडीत ती एकटीच मुलगी होती. गावाने तिला दुकान चालवू दिले, पण निदान करण्याचा अधिकार दिला नाही. ट्रॅक्टरचा बल्ब, जीपची बॅटरी तिच्याकडे येई. जिथे डोके लागे ती गाडी लातूरला जाई. कष्ट चालतात, बुद्धी चालत नाही, हा आपल्या समाजाचा जुना रिवाज आहे आणि तो केवळ स्त्रियांपुरता नाही.

हार्डवेअरचे व्यापारी शिवकुमार यांनी पुण्याहून वीस वर्षे जुनी, दोन आसनांची लाल स्पोर्ट्स कार आणली होती. हॉर्न दाबला की वायपर थरथरे, इंडिकेटर लावला की हेडलाईट मंद होत. दोन महिने लातूरच्या एका वर्कशॉपमध्ये खेपा झाल्या. फ्यूज, रिले, अल्टरनेटर बदलून झाले. अखेर निकाल आला, सगळे वायरिंग कापून नवे टाकायचे. त्यासाठी निघालेली गाडी बुद्धप्रियाच्या दुकानासमोरच बंद पडली.

“वायर कापू नका. एक दिवस द्या,” ती म्हणाली.

“बाई, लातूरवाल्यांना जमलं न्हाई,” गाडीतून उतरत शिवकुमार म्हणाले.

“त्यांनी सामान बदललं. बघितलं कुणी न्हाई.”

शेजारचे दुकानदार गोळा झाले होते. शिवकुमार हसून म्हणाले, उद्या दुपारी ओढून न्यायला गाडी येईल. तोवर जमले नाही तर बाईंनी पुन्हा बल्बच बदलत बसावे. लोकही हसले. आता हरली असती, तर या रस्त्यावर तिच्या शब्दाला पुन्हा कोणी किंमत दिली नसती.

तिने विचार केला, की एकमेकांशी संबंध नसलेल्या वस्तू एकदम बिघडतात तेव्हा दोष त्यांच्या सामाईक वाटेत असतो. मीटरवर बॅटरीचे बारा व्होल्ट पूर्ण होते. मग तिने एक जाड वायर बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट बॉडीला लावली. दोन्ही हेडलाईट लख्ख पेटले. वीज जात होती. पण विजेला बॅटरीकडे परतायला वाट नव्हती. म्हणजे दोष बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला जोडणाऱ्या अर्थिंगच्या बोल्टात.

बॉनेटखाली एका कोपऱ्यात तो हिरवट गंजाने माखलेला सापडला. त्याच्याखाली एक तार दाबलेली होती आणि तारेत ओवलेले लिंबू, मिरच्या, बिब्बा. गाडी इतकी बुटकी, की बंपरखाली बांधलेले लिंबू स्पीडब्रेकरवर घासे. म्हणून शिवकुमारांच्या आई नीलम्मा यांच्या सांगण्यावरून ते आत आले. दर शनिवारी बोल्ट सैल करून नवे लिंबू अडकवले जाई. बिघाड वाढला तशी एकाची तीन झाली. रस बोल्टवर झिरपत राहिला. उपायच रोग पोसत होता.

बुद्धप्रियाने तार काढली, बोल्ट घासून आवळला, वर ग्रीस लावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लातूरच्या त्याच वर्कशॉपचे मिस्त्री वैजनाथ गाडी ओढून न्यायला आले, शिवकुमार व नीलम्माही आले. बुद्धप्रियाने किल्ली शिवकुमारांच्या हातात दिली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. दिवे, वायपर, हॉर्न त्यांनी एकदम लावून पाहिले. काहीही मंदावले नाही.

वैजनाथ बराच वेळ बॉनेटमध्ये वाकून होते. लिंबू आपण प्रत्येक खेपेला पाहत होतो, असे त्यांनी कबूल केले. पण उतरवलेल्या नजरेला हात कोण लावणार? प्रत्येक कारागीर ते अलगद बाजूला सारून काम करी.

“दोन महिने गडी माणसं लिंबाला भ्याली,” नीलम्मा म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. “म्हंजे माझ्यामुळंच झालं की.”

इथे प्रवचन सोपे होते. बुद्धप्रियाने ते टाळले.

“नजरेचं मला ठाऊक न्हाई, अव्वा. लिंबू बांधायचं तर दोऱ्यानं आरशाला बांधा. बोल्टाला नको.”

ओढायला आलेली गाडी रिकामी परतली. वैजनाथ मात्र थांबले. त्यांनी मीटर तिच्यापुढे धरला आणि दोष कसा शोधला ते करून दाखवायला सांगितले. सगळे दुकानदार बघत असताना बुद्धप्रियाने त्यांना शिकवले. पुढच्याच आठवड्यात कुणालाच न उमगलेल्या बिघाडाची एक जीप लातूरहून चाकूरमार्गे ओढत तिच्या दारात आली. सोबतच्या चिठ्ठीवर वैजनाथांची सही होती.