दाखवायचा दिवस

माझा आवाज मोठा आणि जीभ तिखट. गोरेगाव तालुक्यातल्या ज्या आरोग्य केंद्रात मी सिस्टर म्हणून बारा वर्षं काढली, तिथे आत कोणाला बोलणी बसताहेत ते बाहेरच्या बाकावर स्पष्ट ऐकू जायचं. गोळ्या चुकवणाऱ्यांवर तर माझा खास राग. बीपी दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसं गोळी सोडतात आणि एक दिवस लकवा मारून खाटेवर पडतात. हे पाहून पाहून मी कावले होते.

भिंतीवर उपचाराचा तक्ता लावलेला होता. पेशंटला पाच मिनिटं शांत बसवायचं, बोलू द्यायचं नाही, दोनदा मोजायचं. वरचा आकडा एकशे चाळीसच्या किंवा खालचा नव्वदच्या वर राहिला, तर आधी विचारायचं, गोळ्या नियमित घेता का? हो म्हटलं तर डॉक्टर औषध एक पायरी वाढवत. मला तो तक्ता फार आवडायचा. त्यात कोणाच्या लहरीला जागा नव्हती.

दर महिन्याला बाजाराच्या दिवशी एक मावशी यायच्या. साठीच्या, थोडी धानाची शेती, हातात वांग्यांची पिशवी. आधी त्यांचा नवरा यायचा. वहीत त्याचे आकडे इतके छान, की मी इतरांना त्याचं उदाहरण द्यायचे. तरी त्याला लकवा मारला आणि आठवड्यात तो गेला. मी 'नशीब' म्हटलं आणि पान उलटलं. पुढे मावशींनाही बीपी निघाली. "बुढ्यासारखं माहं होऊ देऊ नका बाई," एवढंच त्यांनी मागितलं होतं.

मावशींचे आकडे मात्र उतरायला तयार नव्हते. "गोळ्या नियमित खाता ना?" मी विचारायचे. "खातो ना बाई," त्या म्हणायच्या. खोटं बोलणारी बाई ती नव्हे. औषध एक पायरी वाढलं, पुढच्या महिन्यात आणखी एक.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत निरोप आला, मावशी शेतात, बांधीत पडल्या. वाकून धानाची रोपं, पऱ्हे, रोवता रोवता उभ्या राहिल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर आदळल्या. मनगट मोडलं. त्यानंतरच्या बाजाराला त्या आल्या नाहीत. गोळ्या पार सोडल्या म्हणून कळलं, तशी मी स्कूटी काढली आणि त्यांच्या अंगणातच तोंड सोडलं. नवरा गेला तरी शहाणपण येत नाही का, इथपर्यंत बोलले.

प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गोळ्यानंच पडलो बाई. दाखवाले येवाच्या आधी चार दिवस बंद ठेवतो, तवा चक्कर नाही येत."

"बंद ठेवता? काऊन?" रागात मीही त्यांच्या झाडीबोलीवर आले.

"तुमाले खरी बीपी दिसाले पाहिजे ना! ताप दाखवाले जाताना कोणी ताप उतरवून जाते का?"

मी ओट्यावर बसले. गोळीवाचून वाढलेली बीपी आम्ही मोजत होतो, तिच्यावर औषध वाढवत होतो, आणि ते वाढीव औषध त्या उरलेला महिना इमानाने खात होत्या.

"तुमचं नाही चुकलं मावशी," मी म्हटलं. "मीच नीट विचारलं नाही."

"मंग रागावून कायले राहिल्या?"

त्याच पुढे म्हणाल्या, "आमचा बुढा उलटा होता. महिनाभर गोळ्या डब्यात. दाखवाच्या आठ दिवस आधी खाले सुरू करे. म्हणे, आकडा वाढला तं बाई चारचौघात बोलते. तो गेला तवा मी ठरवलं, आपण बाईले खोटी बीपी नाही दाखवाची."

मला रडू आलं, आणि स्वतःची लाज वाटली. मावशींनी डाव्या हाताने चहा ठेवला.

डॉक्टरांनी औषध पुन्हा एका गोळीवर आणलं. पुढच्या बाजाराला मावशी सकाळची गोळी खाऊन आल्या आणि पाच मिनिटं ओठ मिटून बसल्या. एकशे अठ्ठावीस. त्यांच्या मागून एक ट्रकवाला आत आला. त्याचा आकडा पाहून माझ्या तोंडाशी आलं होतं, ते गिळलं. खुर्ची जवळ ओढून हळूच विचारलं, "किती दिवस नाही खाल्ली?"

त्याने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पंधरा दिवस, बाई."

मी तेवढंच वहीत लिहिलं. बाहेर बाकावर कोणाला काही ऐकू गेलं नाही.