आप्पांनी अडवलेली बातमी

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी आप्पांनी माझी एक बातमी आठ दिवस अडवली. वर्तमानपत्राशी त्यांचा काही संबंध नव्हता. माती तपासणीच्या प्रयोगशाळेतून ते सहायक म्हणून निवृत्त झाले होते आणि निपाणीला राहत होते. शेतीच्या बातमीत शंका आली की मी त्यांना फोन करत असे.

बेळगावच्या कडेला नाल्यालगत पालेभाजीचे मळे आहेत. वरच्या अंगाला धातूवर मुलामा चढवण्याचा एक छोटा कारखाना होता. तो बंद पडला. चालू असताना त्याचे पाणी नाल्यात जाई. तिथल्या एका आक्कांच्या मळ्यातली ओली माती मी खासगी प्रयोगशाळेत दिली. अहवालात जस्त भरमसाट निघाले. सगळ्या मळ्यांची भाजी विषारी, असा मथळा मी लिहूनही ठेवला. आक्का आणि शेजारची दहा-बारा घरे त्याच भाजीवर जगत होती.

आप्पांनी अहवाल ऐकून घेतला आणि विचारले, "माती कशातनं नेलीस रं?"

"आक्कांच्या बादलीतून. दोन दिवस तशीच होती."

"पत्र्याची बादली?"

"हो."

"मग ही मातीची न्हाय, बादलीची बातमी हाय. त्या पत्र्यावर जस्तच असतंय की."

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या बसने आले. पिशवीत प्लास्टिकची खुरपी, लाकडी पट्टी आणि जुनी स्वच्छ चादर. मळ्यात नागमोडी फिरून त्यांनी ठिकठिकाणची माती घेतली. ती चादरीवर मिसळायची, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे, सगळ्या मळ्याचा अंश असलेली मूठभर माती उरेपर्यंत. हात इतका बसला होता की आमच्या ऑफिसात भडंग आणले तरी ते कागदावर आधी चार भाग करत. नाल्याकडच्या पट्ट्याची माती त्यांनी वेगळी ठेवली.

"आक्का, हितं काय टाकलंतीस?"

"नाल्याचा गाळ. काळाभोर हुता. काळ्या मातीला कोण नाव ठेवतंय?"

"कोण न्हाय. तितंच फसलीस."

अहवाल यायला आठ दिवस लागले. जस्त कुठेच जास्त नव्हते. मुलाम्याच्या कामातले विषारी कॅडमियम मात्र मर्यादेच्या वर होते, तेही फक्त गाळ टाकलेल्या पट्ट्यात. त्या पट्ट्यातल्या पालकाच्या पानातही ते निघाले. बाकीचा मळा साफ होता.

बांधावर बसून आप्पांनी आक्कांना सांगितले, "ही धातू कुजत न्हाय, उडून जात न्हाय. चिकणमातीला, शेणखताला धरून बसती. माती आंबट झाली की सुटती आन् पाण्यासंगं मुळात शिरती. आमच्या निपाणीच्या तंबाखूलाबी ही वढायची खोड हाय. तिला हितनं हाकलता येत न्हाय. बसवून ठेवायची."

त्यासाठी विरवलेला चुना, भरपूर शेणखत आणि माती आंबट करणारी खते बंद. वर्षभर त्या पट्ट्यात झेंडू.

"झेंडू कोण खातंय, आप्पा?"

"म्हणूनच लाव म्हणतोय."

आक्का हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, "आन् माझा पालक? बाजारात लोक मला पालकवालीच म्हणत्यात."

"बाकीच्या मळ्यात लाव, बिनघोर वीक. ह्या पट्ट्याचं पान सांगंल. मी न्हाय."

बातमी छापून आली ती एका पट्ट्याची आणि गाळ शेतात टाकू नका, एवढीच. पहिली छापली असती तर त्या मळ्यांची जुडी बाजारात कोणी हातात धरली नसती आणि चूक माझी होती हे मला कधी कळलेही नसते. नमुना कोणी, कुठून, कशातून आणला हे विचारल्याशिवाय मी आता कुठलाच अहवाल वाचत नाही. वीस वर्षांच्या नोकरीत हे मला कुठल्या संपादकाने शिकवले नव्हते. एकदा तसे आप्पांना म्हणालो. ते म्हणाले, "त्येंच्याकडं चादर नसंल."

आप्पा यंदा दिवाळीनंतर निपाणीत वारले. त्याच्या महिनाभर आधी त्यांनी आक्कांना त्या पट्ट्यात एक वाफा पालक लावायला सांगितले होते, तपासणीपुरता. त्यांच्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी अहवाल आला. पट्ट्याच्या मातीत कॅडमियम पूर्वीइतकेच आहे. पालकाच्या पानात ते मर्यादेच्या खाली आहे.