याह्याच्या नावेला दाभण नाही

झुलालने आयुष्यभर दुसऱ्याच्या नावेत बसून मासे धरले. चोपड्याच्या खाली, तापीच्या काठावर त्याचं गाव. नदीवर बंधारा झाला, पाणी मागे फुगलं आणि त्या फुगवट्यावर ज्याची नाव तो राजा झाला. भोईवाड्यातला राजा म्हणजे अभिमन. नाव अभिमनची, जाळं झुलालचं, वल्हं झुलालच्या हातात, थंडी झुलालच्या हाडात, आणि टोपलीतले निम्मे मासे पुन्हा अभिमनचे. वर तो हसत हसत म्हणायचा, "झुलाल, तुना बाप मना बापनी नावमा बठे. तू मनी नावमा बठस. तुना पोऱ्याबी मना पोऱ्यानी नावमाच बठी." हसत म्हणायचा, म्हणून चिडायचीही सोय नव्हती.

पोऱ्या कसला बसतोय! झुलालचा स्वप्नील सुरतेला यंत्रमागावर निघून गेला आणि बायकोला, दिपमालाला, आईबापाजवळ ठेवून गेला. त्या वर्षी झुलालने मनाशी पक्कं केलं, मरायच्या आत एक तरी हंगाम आपल्या नावेत बसायचं. त्याने बकऱ्या विकल्या. पुष्पाबाईच्या, म्हणजे बायकोच्या, हातातल्या पाटल्या मोडल्या. त्या पैशात नवी नाव सोडाच, फायबरची जुनीसुद्धा येत नव्हती. लाकडाची, चार पावसाळे जास्त खाल्लेली एखादी मिळाली तर मिळाली.

झुलाल काही खुळा नव्हता. जुन्या नावेची पारख त्याच्याइतकी वाड्यात कुणाला नव्हती, हे अभिमनसुद्धा कबूल करायचा. पोती शिवायचं जाड दाभण घ्यायचं आणि नाव उलथी करून तळाच्या फळ्यांना टोचत जायचं. दाभण अडलं तर लाकूड जिवंत, शिरलं तर मेलेलं. वरून कितीही रंग द्या, दाभण लाच खात नाही. धरणगावाकडची एक नाव त्याने अशीच टोचून नाकारली, अमळनेरकडची दुसरी नाकारली. नाववाले तोंडावर शिव्या द्यायचे, हा मान खाली घालून दाभण खिशात टाकायचा आणि एसटी धरायचा.

मग लीलाधरचा फोन आला. लीलाधर म्हणजे झुलालचा व्याही, तिकडच्या बोलीत याही. शिंदखेड्याच्या बाजूला तापीच्याच काठी त्याचं घर, आणि त्या घरात झुलालची मुलगी पुनम दिलेली.

"याही, लोकेसना दारे कसाले फिरतस? मनी नाव शे ना. तुमले घरमाच देस."

झुलालला आनंद झाला आणि त्याच क्षणी तो धास्तावलाही. कारण त्या काठावर एक नेम होता. कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. मुलीच्या सासरच्या वस्तूला मुलीकडच्याने हात लावून पारखायचं नाही. त्यांनी बैल दिला तर दात बघायचे नाहीत, धान्य दिलं तर मूठ उघडायची नाही, आणि याह्याच्या नावेला दाभण लावायचं नाही. लावलं म्हणजे चारचौघांत सांगितलं, की मी माझी लेक चोराच्या घरात दिली. मग त्या लेकीला ते घर कसं वागवील, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

पुष्पाबाई म्हणाली, "नही सांगी द्या."

"नही कसं सांगू? तो म्हनी, तुमले मनी नाव चालत नही, मंग मनं घर कसं चाललं?"

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे तर हरीने आपली लेक गाढवाच्या दावणीला बांधून ठेवली होती.

दिवाळीनंतर तो गेला. काठावर नाव उलथी घातलेली होती आणि तिच्यावर ताज्या डांबराचा हात फिरलेला होता. नवरी नटवावी तशी नटवली होती. झुलालने लांबूनच ओळखलं. विकायच्या नावेला जो माणूस इतकं डांबर फासतो, तो लाकूड झाकत असतो. खिशात दाभण होतं. बोटं त्याच्यावर गेली.

लीलाधर चार माणसांदेखत मोठ्याने म्हणाला, "देखी ल्या याही! दाभण लाईसन देखा. मना मनमा काही नही."

असं म्हणायची एक रीत असते. त्याचा अर्थ, लावून तर बघ. चारही माणसं झुलालच्या हाताकडे बघत होती. घराच्या उंबऱ्यात पुनम डोक्यावरचा पदर ओढून उभी होती. तिचे खांदे उतरलेले दिसले. झुलालने हात खिशातून मोकळाच बाहेर काढला.

"काय देखानं याही? तुमनं घर तेच मनं घर."

पैसे दिले, नारळ फोडला, ट्रॉलीत घालून नाव घरी आणली. अभिमनने तिच्याभोवती एक फेरी मारली, डांबराचा वास घेतला आणि कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाला, "याह्यानी शे म्हने." एवढंच. वाड्याला हसायला तेवढं पुरलं.

नाव पहिल्या दिवसापासून गळायला लागली. जुनं लाकूड पाण्यात फुगलं की सांधे मिटतात, म्हणून झुलालने तिला आठवडाभर काठाला बुडवून ठेवलं. जिवंत लाकूड फुगतं. मेलेलं नुसतं भिजतं. त्याने सांध्यांत डांबरात घोळलेला कापूस ठोकला, पत्र्याच्या पट्ट्या मारल्या. मारलेला खिळा बोटाने निघत होता. शेवटी एका माणसाने जाळं टाकायचं आणि एकाने डबड्याने पाणी उपसायचं, अशी वाटणी झाली. उपसायला सून. पहाटेच्या गारठ्यात दिपमाला घोट्याएवढ्या पाण्यात उकिडवी बसायची आणि उपसत राहायची. तिला पोहता येत नव्हतं. तसं तिने एकदा सांगितलंही. पुष्पाबाई म्हणाली, "तुले पोहाले कोन सांगस? तुले पानी उपसाले सांगस."

चैत्र महिन्यात, फुगवट्याच्या मधोमध, तळाची फळी एकदम बसली. पाणी मांडीपर्यंत चढलं. दिपमाला सासऱ्याला "मामा, मामा" करून ओरडत होती. झुलालने आधी जाळं ओढून नावेच्या कडेला गुंडाळलं, कारण जाळं गेलं तर सगळंच गेलं; मग सुनेचा दंड धरला. लाकडाची नाव पुरती बुडत नाही, म्हणून दोघं तिला धरून तरंगत राहिली. शेवटी अभिमनच आला आणि आपल्या नावेने त्यांना ओढून काठाला लावलं. उतरताना दिपमाला सासऱ्याकडे बघत होती. आधी जाळं आणि मग मी, हे तिने पाहिलं होतं, आणि झुलालनेही ते पाहिलं होतं.

त्याच आठवड्यात लीलाधरचा फोन आला. "कशी चालस नाव?"

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर होती. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, वर्षाचं हसून घेतात. पुनमला दोन वर्षं पाठवलं नव्हतं.

"मस्त शे याही. पानीवर पानीसारखी चालस."

"मंग आखाजीले पुनमले धाडस मी," लीलाधर खूश होऊन म्हणाला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो यालाच म्हणतात. आणि मार खाणारा नेहमी दुसरं पाठाड शोधतो, हीही जगाची रीतच आहे. झुलाल तिला अपवाद निघाला असता तर मला आवडलं असतं. तो निघाला नाही.

आखाजीच्या चार दिवस आधी दिपमालाचा बाप अमृत टेम्पो घेऊन लेकीला न्यायला येणार होता. अमृत पाचोऱ्याच्या बाजूचा, गिरणेवर मासे धरणारा. बायको मेलेली, एक खांदा कायमचा आखडलेला, तो हात छातीच्या वर जात नसे. त्याची नाव मागच्या पुरात गेली होती आणि तोही एक जुनी शोधत होता. हे झुलालला माहीत होतं. अमृतला फायबरची परवडणार नाही, हेही माहीत होतं. आणि या व्यवहारात अमृत मुलीचा बाप आहे, हे तर त्याला सगळ्यांत आधी आठवलं.

त्याने डांबर आणलं. बसलेल्या फळीच्या जागी खोक्याची फळी ठोकली आणि वरून सबंध तळाला दोन हात दिले. डांबर तापवायला चूल दिपमालानेच पेटवली. कशासाठी ते तिला कुणी सांगितलं नाही. तिला कळत नव्हतं असं मात्र नाही.

अमृत आला. दिपमालाने नवं लुगडं नेसून पिशवी भरून ओट्यावर ठेवली होती. चहा झाला आणि झुलालने विषय काढला. मी फायबरची घेतो आहे, ही तुम्हाला देतो, घरातली वस्तू घरात राहील. शब्दसुद्धा लीलाधरचेच. मग शेजारची माणसं काठावर जमलेली पाहून तोही मोठ्याने म्हणाला, "दाभण लाईसन देखा याही."

अमृतने चांगला हात छातीवर ठेवला. "काय बोलतस याही! तुमनी नावले मी दाभण लावू?"

"दादा," मागून दिपमाला बापाला म्हणाली. "लेऊ नका. नाव सडेल शे. डांबरना खाले बठ्ठं गयेल शे. मी बुडनू व्हतू तिनामा."

काठावरच्या सगळ्या माना झुलालकडे वळल्या. मान गेला, पैसे गेले, अभिमनच्या नावेत पुन्हा बसायचं आलं. सगळं एका वाक्यात गेलं. त्याने सुनेकडे बघितलं आणि त्या बघण्यात तिचं पुढचं सगळं वर्ष होतं.

पण अमृत वळला आणि चांगल्या हाताने त्याने लेकीच्या थोबाडीत दिली. चारचौघांत, फाडकन.

"सासरनं अन्न खास आन सासरालेच चोर म्हनस? हाई शिकाडं का मी तुले?"

"दादा, मनं ऐका तरी..."

त्याने दुसरी दिली. मग झुलालपुढे दोन्ही हात जोडले; आखडलेला हात जेमतेम छातीपर्यंत आला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. लेक बुडाली होती म्हणून नव्हे, लेक बोलली होती म्हणून.

"याही, मनवर लेऊ नका. माय नही तिले, कोन वळन लावी? नाव मी लेस. तुमी सांगशात त्या भावमा लेस."

सुंठीवाचून खोकला गेला. झुलालने मनात धरलेल्या भावात दोन हजार वाढवून सांगितलं आणि अमृतने एका शब्दाने घासाघीस केली नाही. वर झुलालने मोठं मन करून क्षमाही केली. "जाऊ द्या याही. पोर शे." त्या घडीला त्याला अमृतची दया आली नाही. इतका मूर्ख माणूस बुडालेलाच बरा, असं त्याला वाटलं. आणि आपण त्याच्याहून शहाणे होतो असं काही त्याला आठवेना.

टेम्पो लेकीला न्यायला आलेला होता. आता त्यात नाव चढवली. सहा माणसं लागली, दोर आवळले, नाव मागे हातभर बाहेर आली. दिपमाला पिशवी हातात घेऊन टेम्पोजवळ येऊन उभी राहिली. गाल लाल होता.

अमृतने तिच्याकडे न बघता झुलालला सांगितलं, "हाई साल ऱ्हाऊ द्या तिले आठेच, सासरमा. जरा अक्कल येवू द्या."

तो ड्रायव्हरशेजारी बसला. टेम्पो चढावर लागला तेव्हा त्याने खिडकीतून मागे वळून पाहिलं, नावेचे दोर नीट आहेत ना ते. दिपमाला रस्ता रिकामा होईपर्यंत उभी होती. मग पुष्पाबाईने घरातून हाक मारली, उद्या पुनम येणार आहे, पुरणाला डाळ निवडायची राहिली आहे. दिपमालाने पिशवी ओट्यावर ठेवली आणि ती सूप घेऊन बसली.