एकवीस सेकंदांचं उत्तर

“संपलं?” मी विचारलं.

“संपलं, सर,” वनिता म्हणाली. एकवीस सेकंद झाले होते. बोलायचं होतं दोन मिनिटं.

चंद्रपुरात मी इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास घेतो. परदेशात एम.एस्सी.ला प्रवेश हवा तर ही परीक्षा द्यावी लागते. त्यात स्पीकिंग असतं. परीक्षक विषयाचं कार्ड देतो, विचाराला एक मिनिट मिळतं, मग दोन मिनिटं सलग बोलायचं. वनिताला मत्स्यशास्त्रासाठी कंडिशनल ऑफर होती. म्हणजे सीट तिची, पण स्पीकिंगमध्ये नऊपैकी साडेसहा आणले तरच. पहिल्या खेपेला साडेपाच आले होते. आता एकच संधी उरली होती.

मी तिला माझ्या वीस रेडीमेड सुरुवाती पाठ करायला लावल्या. त्या संपल्या की ती गप्प. माझा पारा चढायचा. शेवटी यंदाचा नाद सोडा, असं तिच्या वडिलांना सांगावं म्हणून रविवारी सकाळी नागभीडकडच्या तिच्या गावी गेलो.

बापलेक तलावात होते. छातीभर पाणी, जाळ्याचं एक टोक श्रावणभाऊंकडे, दुसरं वनिताकडे. मी पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, हाक मारली. भाऊंनी ओठांवर बोट ठेवलं.

मग अर्धा तास कोणीच बोललं नाही. दोरीला जरा हिसका बसला की भाऊ दोन बोटं वर करायचे, वनिता डावीकडे सरकायची. ती हात आडवा धरायची, भाऊ जागीच थांबायचे. मासा दिसत नव्हता, तरी दोघांना तो कुठे आहे ते कळत होतं. मी थक्क झालो. बोलण्यावर पोट भरणारा माणूस मी, आणि इतकं नेमकं संभाषण मी कधी पाहिलं नव्हतं.

जाळं पाळीवर आलं. भाऊ म्हणाले, “माफ करा सर. जाळं पाण्यात असलं का बोलत नसते. मासोई आयकते.” मग लेकीकडे वळले. “सांग व, तिकून काय झालं?”

वनिता सुरू झाली. “बेशरमाच्या झुडपाच्या बुडाशी दोन रोहू दबून होते, बाबा. पायाले लागले तं मी थांबली...” मासा कुठून आला, कुठे वळला, सगळं. जाळ्याच्या पलीकडच्या टोकाला असलेल्यानं सगळं सांगायचं, ही त्यांची रीतच. मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली होती!

“हेच इंग्रजीत सांग,” मी म्हणालो.

“हे? हे तं घरचं बोलणं आहे, सर.”

“विचाराचं ते एक मिनिट जाळं पाण्यात आहे, समज. ‘सुरू करा’ म्हटलं की पाळीवर आलं.”

तिनं सांगितलं. क्रियापदं तीनदा चुकली, पण ती थांबली नाही. यंदाचा नाद सोडा, हे सांगायचं मी विसरून गेलो.

परीक्षेत विषय आला आवडत्या इमारतीचा. तिनं तालुक्याच्या मासळी बाजारातली पत्र्याची शेड सांगितली. परीक्षकानं म्हणे दोन मिनिटं झाल्यावर थांबवलं.

निकालाच्या दिवशी ती क्लासच्या दारात उभी राहिली. “किती?” मी ओरडलो. तिनं एका हाताची पाच बोटं वर केली, दुसऱ्याची दोन.

त्या वीस सुरुवाती मी रद्दीत घातल्या. आणि विद्यार्थी गप्प बसला, तर आता मीही जरा गप्प बसतो.