हेरेरा की फेरैरा

उरुग्वेतल्या रिवेरा गावात एतेल्विना हेरेरा लोकांचे कपडे शिवायची. समोरचा रस्ता ओलांडला की ब्राझील. तिथे तिचा धाकटा भाऊ नेपो राहायचा. त्याचं आडनाव फेरैरा. आईबाप मात्र एकच. बाप घोड्यांना नाल ठोकायचा. थोरलीची नोंद त्यानं उरुग्वेत केली. नेपोच्या वेळी बिऱ्हाड पलीकडे होतं, आणि तिथल्या कारकुनानं आपल्या कानाला पटलं ते लिहिलं. बाप म्हणाला होता, "लिहू दे. स्पॅनिश माणसानं 'फ' गिळला, पोर्तुगीजानं ठेवला. दोन्ही नावांत लोखंड तेच."

साठ वर्षं कुणाचं काही अडलं नाही. मग नेपोला न्यूमोनिया झाला. पलीकडच्या इस्पितळात दारावरच्या म्हाताऱ्या श्मिटनं वही उघडली. "आत फक्त घरची माणसं. पेशंट फेरैरा, तुम्ही हेरेरा."

"सख्खी बहीण आहे मी त्याची."

"तसं सगळेच म्हणतात, बाई. परवा एकाच्या तीन बायका आल्या होत्या."

"मग मी काय चौथी दिसते?"

श्मिट हसला, पण जागचा हलला नाही. "कागद आणा."

एतेल्विना तडक चर्चमध्ये गेली. दोघा भावंडांचा बाप्तिस्मा तिथेच झाला होता. जुन्या नोंदवहीचे उतारे घेऊन ती दुपारी परत आली. श्मिटनं चष्मा पुसला. "इथे तर दोघांचंही 'फेरेर' लिहिलंय. हे तिसरंच निघालं."

"पाद्री कॅटलन होता. त्यांच्यात लोहाराला तसंच म्हणतात. आणि तुमच्या आजोबांच्या जर्मनीत श्मिट म्हणतात ना?"

"म्हणतात," श्मिट म्हणाला. त्यानं आईबापांची नावं बोट ठेवून ताडून पाहिली, वहीत 'बहीण' असं लिहिलं आणि दार उघडलं. "पंधरा मिनिटं."

नेपो उशीला टेकून बसला होता. "सकाळपासून वाट बघतोय. कुठे होतीस?"

"तुझं बारसं शोधत होते," ती म्हणाली आणि त्याचं पांघरूण सारखं केलं. तासभर बसली. तिला उठवायला कुणी आलं नाही.

त्या हिवाळ्यात नेपो तिच्याकडेच राहिला. माटेच्या पानांचा रोजचा काढा मात्र दोघांचा वेगळा. तिचा त्याला कडू लागे, त्याच्या हिरव्यागार भुकटीला ती गवत म्हणे. सप्टेंबरात तिकडची थंडी सरली, तसा तो ठणठणीत होऊन घरी गेला. कागद कुणीच दुरुस्त केले नाहीत.