पहिलीच्या बाई

माझ्या नणंदेला घरात छोटी म्हणतात. म्हणतात म्हणजे आता म्हणणारी मी एकटीच उरले आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती सात वर्षांची होती आणि वेणी घालताना एक क्षण डोके स्थिर ठेवत नसे. यंदा अठ्ठावन्न पूर्ण करून ती प्राथमिक शाळेतून निवृत्त झाली. लग्न तिने केले नाही. माझे यजमान गेल्यापासून आम्ही दोघी औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतो. बोलायचे काम तिचे, लिहून ठेवायचे माझे, अशी आमची वाटणी आहे. शाळेबद्दल मात्र ती आता बोलत नाही, म्हणून तेवढे मी लिहिते.

बत्तीस वर्षे तिच्याकडे एकच वर्ग होता, पहिली. तळमजल्यावरची नळाशेजारची खोली, गुडघ्याएवढी बाके, आणि खिडकीला खालून अर्ध्यापर्यंत लावलेला रंग, म्हणजे पोरांचे लक्ष बाहेर जाऊ नये. त्या बाकांपाशी वाकून वाकून तिच्या पाठीला कायमचा बाक आला. भाजीवाल्याशीसुद्धा ती किंचित झुकून, एकेक शब्द सुटा करून बोले. "बाई, मला ऐकू येतं हो," असे तो एकदा म्हणालाही.

तिची एक पद्धत होती. पहिले सहा आठवडे पुस्तक उघडायचे नाही. पुस्तके कपाटात, कपाटाची किल्ली हिच्या पर्समध्ये. पोरांनी मणी ओवायचे, ताटातल्या रव्यात बोटाने रेघा ओढायच्या, आपापल्या नावाच्या एकेका अक्षरावर टाळ्या वाजवायच्या, गोष्टी ऐकायच्या. पालक तणतणत येत.

"शेजारच्या शाळेत शंभरपर्यंत आकडे झाले! आणि आमचा मणी ओवतोय!"

"तुमच्या मुलाला अजून 'माझं पोट दुखतंय' हे मला सांगता येत नाही," ही म्हणे. "आधी ते शिकवते. आकडे कुठे पळून जात नाहीत."

सहामाहीपर्यंत सगळा वर्ग वाचू लागे. सगळा म्हणजे सगळा. कोणत्या पोराने आपले आपण पहिले काय वाचले, ते ती घरी येऊन चहा घेताना सांगे आणि मी रोजनिशीत टिपून ठेवी. एकाने वडिलांच्या खोकल्याच्या बाटलीवरचे 'हलवून घ्यावे' वाचले आणि बाटली हातात घेऊन स्वतःच हलत राहिला. एका मुलीने जिन्यातले 'येथे थुंकू नये' इतक्या आनंदाने ओरडून वाचले की थुंकणारा पळाला. अशी पानेच्या पाने माझ्याकडे आहेत.

मग शाळेला नव्या मोठ्या बाई मिळाल्या. वय अडतीस, चालणे भरभर, बोलणे गोड. छोटीच्याच हाताखाली पहिलीत वाचायला शिकलेली मुलगी. आम्हां दोघींना केवढा आनंद झाला होता! चौथीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मोठ्या बाईंनी छोटीला बोलावून घेतले.

"बाई, फक्त एक वर्ष चौथी सांभाळा. तिथे परीक्षा असते, अनुभवी माणूस हवं. पहिलीला काय, कुणीही शिकवतं. आणि तुम्ही तर कुठेही चालता. पुढच्या वर्षी पहिली तुमचीच."

घरी येऊन छोटीने पर्स खुंटीला अडकवली. "वहिनी, मी कुठेही चालते म्हणे. पायपुसणं कसं, कुठल्याही दाराशी चालतं."

"नाही म्हणायचंस."

"मीच वाचायला शिकवलेली पोर ती. तिला नाही कसं म्हणू?"

चौथीत पहिल्याच दिवशी ती सवयीने म्हणाली, "सगळ्यांनी तोंडावर बोट." मागच्या बाकाने नाकावर बोट ठेवले. फळ्यावर तिचे अक्षर इतके टपोरे की चार ओळींत फळा भरे आणि पोरे पाचव्या ओळीची वाट बघत बसत. आठवडाभर ती संध्याकाळी आमच्या कपाटाच्या आरशावर साबणाने बारीक अक्षर गिरवत होती. पन्नाशी उलटलेल्या बाईने पुन्हा बाराखडी गिरवावी, तसे.

पुढच्या वर्षी पहिली मिळाली नाही, पाचवी मिळाली. त्यापुढे अर्धे वर्ष तिसरी, अर्धे वर्ष पुन्हा चौथी. चौथ्या वर्षी पुन्हा पाचवी. कुणाचे लग्न, कुणाचे ऑपरेशन, कुणाला जिना चढवत नाही, आणि प्रत्येक रिकाम्या जागेत ही. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी कोणाला कोणता वर्ग याची यादी लागे, आणि शिपाई तिची पत्र्याची ट्रंक उचलून विचारी, "बाई, यंदा कुठला मजला?"

"तूच सांग. तुला माझ्याआधी कळतं."

मी ज्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले तिथे शिशुवर्गाला एकच सिस्टर होत्या, चाळीस वर्षे. त्यांना हलवायचा विचार करायची मदर सुपीरियरचीही छाती नव्हती. हे मी छोटीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या सिस्टरना नातेवाईक नव्हते, वहिनी. मला शाळेतली सगळी माणसं नातेवाईक वाटतात, तिथेच चुकतं."

वाईट शिकवत होती असे नाही. चांगले शिकवू लागली, हेच वाईट झाले. तिने कोऱ्या वहीत रकाने आखून आठवड्याचा हिशेब बसवला: इतके धडे, इतकी गणिते, इतकी उजळणी. तपासणीला आलेल्या साहेबांनी ती वही इतर बाईंना दाखवली. घरी येऊन ती सांगे, "आज दोन धडे उरकले." कुणी काय वाचले, हे सांगायचे बंद झाले. मी विचारले तर म्हणे, "अगं, पाचवीची पोरं ती. सगळी वाचतातच." त्या वर्षांच्या रोजनिशीत तिच्या नावापुढे मी फक्त 'आली, जेवली' असे लिहिले आहे.

नोकरीचे शेवटचे वर्ष उरले तेव्हा ती स्वतः मोठ्या बाईंकडे गेली. असे मागायला ती जन्मात कधी गेली नव्हती.

"मला पहिली द्या. दुसरं काही नको. निरोपसमारंभसुद्धा नको."

"दिली, बाई. तुमच्यासाठी एवढं नाही करणार?"

त्या दिवशी तिने ट्रंकेतले मणी धुतले आणि गॅलरीत चादरीवर वाळत घातले. मला रवा चाळायला बसवले. "बारीक हवा गं, पोरांच्या बोटांना टोचतो." सत्तरी ओलांडलेली मी आणि निवृत्तीला आलेली ती, दोघी खिदळत होतो.

शाळा उघडल्यावर चौथ्या दिवशी ती डबा घरी विसरली. मी तो घेऊन गेले. वर्गाच्या खिडकीशी टाचा उंचावून आत बघितले आणि तशीच राहिले. फळा वरपासून खालपर्यंत बारीक अक्षरांनी भरलेला. एकतीस पोरांपुढे एकतीस पुस्तके उघडी. छोटी एकेक ओळ म्हणत होती, पोरे मागून म्हणत होती, एका सुरात. पहिल्या बाकावरची एक मुलगी मोठ्या उत्साहाने ओळीवरून बोट फिरवत होती. पुस्तक उलटे धरलेले होते. छोटीने ते पाहिले. मी तिला पाहताना पाहिले. आणि ती पुढची ओळ म्हणाली.

संध्याकाळी मी विचारले, "पुस्तक चौथ्या दिवशी उघडलंस?"

"चौथ्या? काहीतरीच काय!" ती बोटांवर मोजू लागली आणि मध्येच थांबली. मग म्हणाली, "मग काय करू? पोर्शन कोण संपवेल? तुला बसल्या जागी बोलायला काय जातंय?"

बत्तीस वर्षे पालकांना जे उत्तर दिले, ते तिला आठवले नाही असे नाही. पण हात आपोआप कपाटाकडे गेला होता आणि तिला कळलेही नव्हते. हे मला तिने फार उशिरा सांगितले.

सहामाहीत एकतीसपैकी चौदा पोरांना अक्षरे ओळखू येईनात. पुस्तक मात्र सगळ्यांना तोंडपाठ, कुठलेही पान उघडा, पहिला धडा घडाघडा म्हणत. छोटी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाईंकडे जाऊन म्हणाली, "माझ्याकडून हा वर्ग काढून घ्या. मागच्या वर्षी पहिलीवर होत्या त्या तरुण बाईंना द्या. मला आता पहिली येत नाही."

मोठ्या बाईंनी मान हलवली. "वर्षाच्या मध्येच बदल कसा करायचा, बाई? लहान मुलं ती. त्यांना बाई बदलल्याचा किती त्रास होतो!"

हे वाक्य तिने मला जसेच्या तसे सांगितले. आवाजही तोच काढला. मला हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पुस्तके गोळा करून कपाटात टाकली आणि मणी बाहेर काढले. वर्ष अर्धे संपलेले. पालक चार दिवसांत शाळेत. "आता मणी? वर्गाला मागे नेताय का पुढे?" या वेळी पालकांचे खरे होते. मोठ्या बाईंचे पत्र आले: अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करावा. छोटीने पत्राची घडी करून ती डगमगणाऱ्या बाकाच्या पायाखाली सरकवली आणि सकाळी रवा, दुपारी पुस्तक असे दोन्ही चालवले. रोज तासभर उशिरा येई. पाय सुजत. मी गरम पाणी देई.

वार्षिक परीक्षेपर्यंत बावीस पोरे वाचू लागली. नऊ नाही. पुस्तक उलटे धरणारी मुलगी त्या नवांतली. पहिलीत कुणाला नापास करत नाहीत, तेव्हा नऊही दुसरीत गेली.

निवृत्तीच्या दिवशी मोठ्या बाईंनी तिला शाल दिली आणि भाषणात सांगितले की अशी कुठल्याही वर्गावर चालणारी शिक्षिका पुन्हा होणे नाही. टाळ्या वाजल्या. छोटीने एका कागदावर त्या नऊ मुलांची नावे लिहिली होती. प्रत्येकापुढे काय येते, काय येत नाही, कोण डाव्या हाताने लिहितो, कोणाला मोठ्याने विचारलेले चालत नाही, सगळे. खुर्च्या आवरल्या जात असताना ती दुसरीच्या बाईंपाशी गेली.

"एवढी नऊ फक्त सांभाळा. दोन महिने द्या त्यांना. पुस्तक उघडू नका."

दुसरीच्या बाईंनी कागद वाचला. मुलगी भली होती, तिचे डोळे भरून आले. कागद तिने परत छोटीच्या हातात दिला.

"बाई, मी ठेवला असता. पण पुढच्या वर्षी मला सहावी आहे. दुसरीवर कोण येणार, अजून कुणालाच माहीत नाही."